आपल्या आमदाराच्या कामाची फाइल घरबसल्या कशी तयार करायची

निवडणूक जवळ आली की मोबाइलवर कार्यअहवाल यायला लागतात. चकचकीत पीडीएफ, प्रत्येक पानावर नारळ फोडतानाचा फोटो आणि खाली "इतक्या कोटींचा निधी खेचून आणला". त्याच दिवशी दुसऱ्या ग्रुपवर मेसेज येतो की या माणसाने पाच वर्षांत काडीचं काम केलं नाही. या दोन्हींना कागदाचा आधार नसतो, आणि मग आपण मत देताना शेवटी जात, पक्ष, ओळख किंवा शेवटच्या आठवड्यातली हवा यावरच येतो. माझं म्हणणं एवढंच आहे की आमदाराचं जवळपास सगळं काम सरकारी कागदावर उमटलेलं असतं, तो कागद कुणालाही बघता येतो, आणि चार-पाच रविवार बसलात तर एका माणसाची बऱ्यापैकी पूर्ण फाइल होते. ती कशी करायची ते खाली लिहितोय. महाराष्ट्रापुरतंच लिहितोय कारण बाकी राज्यांचे नियम आणि निधीचे आकडे वेगळे आहेत.

सुरू करायच्या आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. आमदार हा मुळात विधिमंडळाचा सदस्य आहे. कायदे करणं, बजेट मंजूर करणं आणि सरकारला प्रश्न विचारून उत्तर द्यायला लावणं हे त्याचं घटनेने दिलेलं काम. गटार, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट हे ग्रामपंचायत, नगरपालिका, झेडपी यांचं काम, त्यात आमदार निधी देऊ शकतो, पाठपुरावा करू शकतो, पण फक्त त्यावरून त्याला मोजलं तर आपण त्याला मोठा नगरसेवक समजतोय असं होतं. म्हणून फाइलमध्ये सभागृहाचा भाग सगळ्यात जाड असला पाहिजे.

आधी माणूस कोण ते नीट लिहा

पहिलं म्हणजे विधानसभेचा की विधान परिषदेचा. विधानसभेत २८८ जागा, थेट आपण निवडून देतो, मुदत पाच वर्षं, वय किमान २५ पाहिजे. विधान परिषदेत ७८ जागा, मुदत सहा वर्षं, वय किमान ३०. यातले ३० जण आमदारांच्या मतांवर येतात, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांमधून, ७ पदवीधर, ७ शिक्षक आणि १२ राज्यपालनियुक्त. परिषदेच्या आमदाराकडून कशाची अपेक्षा करायची हे तो कुठल्या वाटेने आलाय त्यावर ठरतं. शिक्षक मतदारसंघातून आलेल्याने अनुदान, पेन्शन, शाळांची मान्यता यावर किती विचारलं ते बघायचं, त्याला रस्त्याचा हिशोब विचारून उपयोग नाही.

प्राथमिक माहितीसाठी विधानमंडळ सचिवालयाची वेबसाइट उघडा. सचिवालय प्रत्येक सभागृहासाठी सदस्यांचा संक्षिप्त परिचय छापतं, त्यात जन्म, शिक्षण, व्यवसाय, आधी कुठली पदं भूषवली, कुठल्या समित्यांवर होते हे सगळं असतं. ही माहिती सदस्याने स्वतःच दिलेली असते हे विसरू नका, त्यामुळे ती सुरुवात म्हणून घ्यायची आणि पुढे प्रत्येक ओळ दुसरीकडून पडताळायची.

कारकीर्दीची शिडी लिहिताना फक्त निवडणुका लिहू नका. आपल्याकडे आमदार होण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत, ग्रामीण भागात सरपंच, पंचायत समिती सभापती, झेडपी सदस्य, नाहीतर सोसायटी, बाजार समिती, जिल्हा बँक, साखर कारखाना, दूध संघ; शहरात नगरसेवक, स्थायी समिती, कामगार संघटना; आणि तिसरी वाट म्हणजे घरातच आमदारकी असणं. सहकारी संस्थेत पद असेल तर त्या संस्थेचा वार्षिक अहवाल आणि लेखापरीक्षण अहवाल मिळवायचा प्रयत्न करा. तुम्ही सभासद असाल तर सोपं जातं, वार्षिक सभेची नोटीस येते त्यासोबत अहवाल येतोच. माणूस कारभार कसा करतो हे तिथे जेवढं स्पष्ट दिसतं तेवढं भाषणात कधीच दिसत नाही.

जुने निकाल निवडणूक आयोगाच्या वेबसाइटवर आहेत, १९५१-५२ पासूनचे सांख्यिकी अहवाल पीडीएफमध्ये मिळतात. इथे दोन ठिकाणी लोक हमखास गोंधळतात. एक, २००८ ची मतदारसंघ पुनर्रचना. तिच्यानंतरची पहिली विधानसभा निवडणूक २००९ ची, त्यामुळे नाव तेच असलं तरी २००४ चा मतदारसंघ आणि २००९ चा मतदारसंघ हा एकच भूभाग असेल असं धरू नका, मतांची तुलना करण्याआधी कुठली गावं आली, कुठली गेली ते तपासा. दोन, राज्याचा इतिहास. एखाद्या घराण्याची आमदारकी पन्नासच्या दशकापासूनची असेल आणि गाव मराठवाड्यात असेल तर १९५२ चा निकाल हैदराबाद राज्याच्या अहवालात सापडेल, विदर्भातलं असेल तर तेव्हाच्या मध्य प्रदेशच्या, आणि पश्चिम महाराष्ट्र-कोकणातलं असेल तर मुंबई राज्याच्या. महाराष्ट्र म्हणून पहिली निवडणूक १९६२ ची, तेव्हा जागा २६४ होत्या, २८८ झाल्या त्या १९७८ पासून.

आणखी एक कागद जो लोक बघतच नाहीत तो म्हणजे फॉर्म २०, म्हणजे मतदान केंद्रनिहाय निकाल. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या वेबसाइटवर असतो. कुठल्या केंद्रावर किती मतं पडली ते कळतं, आणि पुढे निधीची कामं कुठल्या गावात झाली ती यादी याच्या शेजारी ठेवली की बऱ्याच गोष्टी आपोआप दिसायला लागतात. मत न देणाऱ्या गावालाही रस्ता मिळाला का, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो.

शपथपत्र वाचताना

उमेदवारी अर्जासोबत फॉर्म २६ मध्ये संपत्ती, कर्ज, गुन्हे, शिक्षण यांचं शपथपत्र द्यावं लागतं. २००२ आणि २००३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालांमुळे हे आपल्या हातात आलं, त्याआधी मतदाराला यातलं काहीच कळत नव्हतं. आयोगाच्या शपथपत्र पोर्टलवर स्कॅन कॉपी असते आणि मायनेता या साइटवर त्याचा सारांश असतो. सारांशावर थांबू नका, मूळ स्कॅन डाउनलोड करा, कारण मजकूर हाताने भरलेला असला की सारांशात चुका होऊ शकतात.

संपत्ती बघताना लोक दोन वर्षांचे एकूण आकडे घेतात, वजा करतात आणि "पाच वर्षांत इतके टक्के वाढ" असं टाकून मोकळे होतात. हे बरोबर नाही. जमिनीच्या रकान्यात खरेदीची तारीख, खरेदीची किंमत आणि आजचा बाजारभाव वेगवेगळा लिहिलेला असतो. वडिलोपार्जित वीस एकरच्या शेजारून महामार्ग गेला तर एक रुपयाही न कमावता संपत्ती दुप्पट दिसेल. म्हणून वाढ दोन भागांत लिहा, जुन्या मालमत्तेचा भाव वाढल्याने किती आणि या पाच वर्षांत नवीन घेतलेलं किती. नवीन घेतलेल्याच्या शेजारी मागच्या पाच वर्षांचं आयकर विवरणपत्रातलं उत्पन्न आणि कर्ज ठेवा, तेही शपथपत्रातच आहे. पती किंवा पत्नी आणि अवलंबितांचे रकाने वेगळे असतात ते वगळू नका, बऱ्याचदा मुख्य हालचाल तिथेच असते.

गुन्ह्यांच्या रकान्यातही असंच थांबून वाचायचं. नुसतं "सहा गुन्हे" लिहून काही कळत नाही. रास्ता रोको, जमावबंदी मोडली, विनापरवाना मोर्चा काढला असल्या आंदोलनाच्या केसेस शेतकरी-कामगार चळवळीतल्या माणसावर असायच्याच. फसवणूक, खंडणी, महिलेवरील अत्याचार, खुनाचा प्रयत्न हे वेगळं. प्रत्येक केसला पोलीस स्टेशन, गुन्हा नंबर, कोर्ट आणि आरोप निश्चित झालेत का हे दिलेलं असतं, ते घेऊन ई-कोर्ट्सवर सद्यस्थिती बघता येते. आरोप आणि शिक्षा यात गल्लत करू नका, फाइलमध्ये "गुन्हा दाखल", "आरोप निश्चित", "दोषी", "निर्दोष" असे शब्द जसे कागदावर आहेत तसेच वापरा. शिक्षा दोन वर्षं किंवा जास्त झाली तर आमदारकी जाते आणि सुटकेनंतर आणखी सहा वर्षं निवडणूक लढवता येत नाही. २०१३ पर्यंत अपील केलं की पद टिकत होतं, सुप्रीम कोर्टाने ती तरतूद रद्द केली.

प्रचार खर्चाचा हिशोब निकालानंतर ३० दिवसांत द्यावा लागतो, तो जिल्हा निवडणूक कार्यालयात मिळतो. विधानसभेला मर्यादा ४० लाखांची आहे. वाचून ठेवा, फाइलला लावा, त्यावर फार वेळ घालवू नका.

सभागृह, म्हणजे फाइलचा मुख्य भाग

वर्षाला तीन अधिवेशनं होतात. बजेटचं आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपूरला, तेही १९५३ च्या नागपूर कराराची (विदर्भाने महाराष्ट्रात यावं म्हणून नेत्यांमध्ये झालेला करार) आठवण ठेवून. हिवाळी अधिवेशन हल्ली बऱ्याचदा एक-दोन आठवड्यांतच आटपतं, त्यामुळे सभागृहात मिळणारा प्रत्येक दिवस मोलाचा असतो आणि त्या दिवशी आपला माणूस कुठे होता हे बघायलाच पाहिजे.

तारांकित प्रश्नांपासून, म्हणजे ज्यांचं उत्तर मंत्र्यांना सभागृहात तोंडी द्यावं लागतं त्यांच्यापासून, सुरुवात करा. प्रश्नोत्तरांच्या याद्या विधानमंडळाच्या साइटवर अधिवेशनानुसार असतात. त्यांचा साचा ठरलेला आहे, आधी सदस्यांची नावं, मग "सन्माननीय अमुक मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय", मग क्रमांक टाकून तीन-चार पोटप्रश्न, आणि खाली मंत्र्यांचं उत्तर, "हे खरे आहे", "हे अंशतः खरे आहे", "प्रश्न उद्भवत नाही". सुरुवातीला कंटाळवाणं वाटतं, पण वीस-पंचवीस वाचल्यावर हात बसतो आणि मग हेच वाचायला सगळ्यात जास्त मजा येते, कारण तुमच्या तालुक्यातल्या धरणाबद्दल सरकारने लेखी काय कबूल केलंय ते तिथे सापडतं.

आता इथली मुख्य अडचण. एका प्रश्नाखाली कित्येकदा दहा, वीस, तीस आमदारांची नावं असतात. सगळ्यांनी मिळून दिलेला किंवा एकसारखे प्रश्न एकत्र केलेला तो प्रश्न असतो, आणि मग कार्यअहवालात प्रत्येक जण तो स्वतःचा म्हणून मोजतो. म्हणून एकूण आकड्यावर जाऊ नका. तीन खाने करा. ज्यात त्याचं नाव पहिलं किंवा एकटं आहे ते एका खान्यात, ज्यात तो गर्दीतला एक आहे ते दुसऱ्या, आणि ज्यावर त्याने सभागृहात उभं राहून उपप्रश्न विचारला ते तिसऱ्या. तिसरा खाना कार्यवाहीच्या नोंदींमधून भरावा लागतो, थोडी मेहनत आहे, पण खरं काम तिथे दिसतं. लेखी प्रश्न पीए आणि कार्यकर्ते तयार करून देऊ शकतात, उपप्रश्न मात्र मंत्री काय बोलतोय ते ऐकून तिथल्या तिथे विचारावा लागतो, विषय माहीत नसेल तर जमत नाही. थेट प्रक्षेपण ऑनलाइन बघता येतं, अधिवेशन चालू असताना एखादा प्रश्नोत्तराचा तास पूर्ण बघा म्हणजे मी काय म्हणतोय ते लगेच कळेल.

प्रश्नांचा विषय आणि ठिकाणही लिहा. मतदारसंघातला प्रश्न की राज्याचा, पाणी, शिक्षण, आरोग्य, शेती, महसूल, पोलीस, काय ते. पाच वर्षांचा तक्ता भरला की माणसाला कशात रस आहे ते समोर येतं. एखाद्याचे बहुतेक प्रश्न बिल्डर, लेआउट, आरक्षण बदल यावरच असतील आणि दुष्काळी तालुक्यातून येऊनही पाण्यावर एक-दोनच असतील तर तो तक्ता लोकांपुढे ठेवा, त्यावर तुम्ही वेगळी कॉमेंट करायची गरज नाही.

यानंतर लक्षवेधी सूचना, म्हणजे तातडीच्या प्रश्नाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना, विधानसभेत नियम १०५ खाली येते. मंत्र्यांना त्यावर निवेदन करावं लागतं आणि मग प्रश्न विचारता येतात. स्थानिक प्रश्न सोडवून घ्यायला लक्षवेधी हे आमदाराचं सगळ्यात धारदार हत्यार आहे असं माझं मत आहे, कारण तिथे मंत्र्याकडून "एक महिन्यात चौकशी करतो", "अधिकाऱ्याला निलंबित करतो" अशी घोषणा वदवून घेता येते. पण घोषणा झाली म्हणजे काम झालं असं नाही. मंत्र्याने सभागृहात दिलेल्या शब्दाचा पाठपुरावा करायला आश्वासन समिती असते. म्हणून प्रत्येक लक्षवेधीसमोर दोन तारखा लिहा, आश्वासन कधी मिळालं आणि ते पूर्ण कधी झालं, आणि दुसरी तारीख रिकामी राहिली तर रिकामीच ठेवा.

अर्धा तास चर्चा, नियम २९३ खालची चर्चा, कपात सूचना (बजेटमधल्या मागणीत कपात सुचवून खात्याच्या कारभारावर बोलणं), औचित्याचा मुद्दा, हे सगळं त्याच पद्धतीने भरायचं. कायद्यांच्या बाबतीत मात्र आपली अडचण आहे. बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात, कुणी बाजूने आणि कुणी विरोधात मत दिलं याची नावानिशी नोंद क्वचितच होते, त्यात पक्षादेश (मत कसं द्यायचं याचा पक्षाचा आदेश) असतो. म्हणून विधेयकावर तो बोलला का, बोलला तर एखादी दुरुस्ती सुचवली का, एवढंच बघता येतं. अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेलं विधेयक, ते मंजूर होणं फार दुर्मिळ, पण त्याची नोंद नक्की घ्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती (कोकणातली, खोताने कुळांकडून सारा वसूल करण्याची जमीनपद्धत) नष्ट करण्याचं विधेयक मांडलं होतं, ते तेव्हा मंजूर झालं नाही, खोती कायद्याने गेली ती स्वातंत्र्यानंतर. पण मांडणी तिथे झाली होती आणि कार्यवाहीत कायमची राहिली. मृणाल गोरे यांनी गर्भलिंग तपासणीचा विषय असाच सभागृहात लावून धरला, १९८८ ला महाराष्ट्राने त्यावर कायदा केला, देशाचा कायदा १९९४ ला आला. पराभूत विधेयकालाही फाइलमध्ये पान द्यायचं ते यासाठी.

दोन गोष्टींत अन्याय करू नका. मंत्री झालेला आमदार प्रश्न विचारत नाही, तो उत्तर देतो, त्यामुळे त्याच्या नावापुढे शून्य दिसलं तर ती कामचुकारी नाही, त्याची मोजणी त्याच्या खात्यावरून करा. अध्यक्ष आणि उपाध्यक्षांचंही तसंच. आणि पहिल्यांदा निवडून आलेल्याला पहिलं वर्ष शिकण्यात जातं, त्याची तुलना पाचव्या टर्मच्या माणसाशी करताना हे लिहा. शेकापचे (शेतकरी कामगार पक्ष) गणपतराव देशमुख सांगोल्यातून ११ वेळा निवडून आले, पहिल्यांदा १९६२ ला, आणि त्यातला बहुतेक काळ ते विरोधी बाकांवर होते. सत्तेत नसताना आमदार काय करू शकतो हे बघायचं असेल तर सांगोला आणि आजूबाजूच्या दुष्काळी तालुक्यांच्या पाण्यासाठी ते सभागृहात किती वर्षं बोलत राहिले ते वाचा. "आमचा माणूस विरोधात होता म्हणून काही करता आलं नाही" हे कारण त्यानंतर पुरेसं वाटत नाही.

समित्या

यावर कॅमेरा नसतो म्हणून लोकांना माहीत नसतात. लोकलेखा, अंदाज, सार्वजनिक उपक्रम, पंचायत राज, विनंती अर्ज, रोजगार हमी योजना, अशा बऱ्याच आहेत. पंचायत राज समितीचा दौरा झेडपीत येणार म्हटलं की सगळं कार्यालय कसं कामाला लागतं ते झेडपीत काम करणाऱ्या कुणालाही विचारा. आपला आमदार कुठल्या समितीवर, किती वर्षं, आणि त्या समितीने किती अहवाल सादर केले एवढं लिहा. एका सदस्याने बैठकीत काय केलं ते अहवालातून कळत नाही, तेव्हा अंदाजाने श्रेय देऊ नका आणि काढूनही घेऊ नका. ज्या रोजगार हमीच्या नावाने ही समिती आहे ती योजना मांडणारे वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती होते, गावातल्या बिनकामाच्या हाताला काम मिळालं पाहिजे या एका विचारातून ती योजना उभी राहिली आणि नंतर राज्याचा कायदा झाली. परिषदेची गरजच काय असं विचारणाऱ्यांना मी कायम हे उदाहरण देतो.

निधी आणि फ्लेक्स

आमदार स्थानिक विकास कार्यक्रमाचे, म्हणजे ज्याला आपण आमदार निधी म्हणतो त्याचे, वर्षाला ५ कोटी, २०२२-२३ पासून. त्याआधी रक्कम कमी होती, म्हणून जुन्या वर्षांची तुलना करताना त्या-त्या वर्षाचा आकडा घ्या. हे पैसे आमदाराच्या खात्यात येत नाहीत. तो काम सुचवतो, जिल्हाधिकारी आणि जिल्हा नियोजन कार्यालय मंजुरी देतात, बांधकाम विभाग किंवा झेडपीसारखी यंत्रणा काम करते. म्हणून "निधी खाल्ला" असं सरळ लिहिणं जेवढं चुकीचं तेवढंच "माझ्या खिशातून दिलं" अशा थाटाचा फ्लेक्सही चुकीचा.

पण फ्लेक्सवरचे कोटी बहुतेक वेळा या ५ कोटींचे नसतातच. त्यात ग्रामविकासच्या २५१५ लेखाशीर्षाची (बजेटमधल्या त्या क्रमांकाखाली गावातल्या सुविधांना मिळणाऱ्या पैशांची) कामं असतात, बजेटमधले रस्ते असतात, नगरविकासचा निधी, डीपीडीसी (जिल्हा नियोजन समिती), जलजीवन (नळपाणी योजना), केंद्राच्या योजना, सगळं एकत्र करून एक मोठा आकडा टाकलेला असतो. हे सोडवायचं कसं? शासन निर्णयांच्या (जीआर) वेबसाइटवर जा, विभाग निवडा, तारीख टाका. २५१५ च्या जीआरसोबत कामांची यादी जोडलेली असते, गावाचं नाव आणि रक्कम असते. तुमच्या तालुक्यातल्या ओळी काढून शीटमध्ये टाका.

मग प्रत्येक कामाची पायरी लिहा. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश (वर्क ऑर्डर), मोजमाप पुस्तिकेतली (झालेल्या कामाचं माप लिहायची वही) नोंद, शेवटचं बिल. घोषणा पहिल्या पायरीवरच होते, कधीकधी तिच्याही आधी, आणि भूमिपूजनाचा नारळ वर्क ऑर्डरच्या आधी फुटतो. त्यामुळे "मंजूर" आणि "पूर्ण" असे दोनच रकाने ठेवले तरी अर्धा गोंधळ संपतो. राज्याच्या महाटेंडर्स या निविदांच्या साइटवर निविदा शोधता येते. काम कुणाच्या पत्रामुळे मंजूर झालं यावर खासदार, आमदार, झेडपी सदस्य आणि पालकमंत्री सगळेच दावा करतात, तिथे ज्याचं पत्र संदर्भात नोंदलंय त्याचं नाव लिहा, पत्र सापडलं नाही तर "अनेकांचा दावा" असं लिहून पुढे जा. आणि जमेल तेवढ्या जागी प्रत्यक्ष जाऊन या. कागदावरचं समाजमंदिर उभं आहे का, त्याला कुलूप आहे की तिथे बायकांचा बचत गट बसतो, हे गेल्याशिवाय कळणार नाही.

माहिती अधिकार कसा टाकायचा

साइटवर नसलेलं इथून मिळतं. राज्याच्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत पाहिजे, म्हणून सगळं एका अर्जात कोंबू नका, फेटाळायला निमित्त मिळतं. जोडपत्र अ (अर्जाचा ठरलेला नमुना) भरा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा किंवा राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवरून करा. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फी नाही.

अर्ज जिल्हा नियोजन अधिकारी कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावाने. मजकूर असा ठेवा: "अमुक विधानसभा मतदारसंघातील सदस्यांनी आमदार स्थानिक विकास कार्यक्रमांतर्गत अमुक ते अमुक आर्थिक वर्षांत सुचवलेल्या कामांची वर्षनिहाय यादी, कामाचे नाव, गाव, प्रशासकीय मान्यतेचा दिनांक व रक्कम, कार्यान्वयन यंत्रणा, झालेला खर्च आणि सद्यस्थिती यासह मिळावी." का, कशासाठी, कुणी जबाबदार, असले प्रश्न विचारू नका, कार्यालयात जो कागद आहे तोच मागा. झेरॉक्सला पानाला २ रुपये लागतात. यादी फार मोठी असेल तर आधी अभिलेख पाहणी मागा, कार्यालयात बसून बघा आणि हवी तीच पानं घ्या.

३० दिवसांत उत्तर यायला पाहिजे. नाही आलं किंवा गोलमाल आलं तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील करा, त्याला २० रुपये लागतात. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील, तिथे वेळ लागतो, धीर धरावा लागतो. माझा अनुभव असा की प्रथम अपील गेलं की बरेच कागद आपोआप सापडतात, त्यामुळे ती पायरी सोडू नका. हजेरीबद्दल विधानमंडळ सचिवालयालाही अर्ज करता येतो. मुंबईतल्या आमदारांचं प्रजा फाउंडेशन दरवर्षी प्रगतीपुस्तक काढतं, तिथले असाल तर पद्धत समजायला ते आधी वाचा.

जे कागदावर येत नाही ते

आमदाराचा दिवस बघितलाय का कधी? सकाळी सातपासून दारात माणसं, कुणाला सिव्हिलला बेड पाहिजे, कुणाचं रेशन कार्ड अडलंय, कुणाला बदली, कुणाच्या पोराला वसतिगृहात जागा, मग दोन लग्नं, एक दशक्रिया, एक साखरपुडा, तहसीलमध्ये बैठक, रात्री कुठल्या तरी वस्तीवर सप्ताहाला हजेरी, आणि यातलं काहीच विधिमंडळाच्या नोंदीत येत नाही. यात खरंच माणसांचे जीव वाचतात, दवाखान्याचं बिल कमी होतं, अडलेली पेन्शन सुरू होते. म्हणून फाइलमध्ये एक पान यालाही द्या. ऑफिस उघडं असतं का, पीए फोन उचलतो का, शिफारसपत्र मागायला गेलेल्या बाईला कसं वागवलं जातं, पक्षाचा नसलेल्या माणसाचं काम होतं का. वेगवेगळ्या गावांतल्या, वेगवेगळ्या समाजांतल्या लोकांना विचारा, महिलांना आवर्जून विचारा, नाहीतर चावडीवरच्या चार पुरुषांचं मत हेच गावाचं मत म्हणून लिहिलं जातं. कुणाचंही नाव टाकू नका, त्यांना तिथेच राहायचंय.

पण एवढंही खरं की तहसीलदाराने नियमाने करायचं काम आमदाराच्या फोनशिवाय होत नसेल तर ती व्यवस्था बिघडलेली आहे, आणि ती सुधारायची जागा सभागृह आहे. हजारो फोन करणाऱ्याने त्या विषयावर पाच वर्षांत एक तरी प्रश्न विचारलाय का, ते वरच्या तक्त्यात बघा.

पक्ष बदलला असेल तर

तारखेनिशी लिहा, कुठल्या चिन्हावर निवडून आला आणि आज कुठे आहे. पक्षांतरबंदी कायदा १९८५ चा, त्यात एक तृतीयांश फुटीची पळवाट होती ती २००३ ला काढली, आता दोन तृतीयांश सदस्यांसह विलीनीकरण हीच सूट. निर्णय अध्यक्षांकडे असतो आणि त्याला किती वेळ लागू शकतो हे आपण बघितलंय, जून २०२२ मधल्या शिवसेनेच्या फुटीवर अध्यक्षांचा निकाल १० जानेवारी २०२४ ला आला आणि दोन्हीकडचा एकही आमदार अपात्र झाला नाही. पक्ष बदलल्यावर सभागृहातली भूमिका बदलली का ते बघणं जास्त उपयोगी आहे. विरोधात असताना ज्या प्रकल्पावर लक्षवेधी लावली त्यावर सत्तेत गेल्यावर तो काय बोलला, ती दोन भाषणं शेजारी ठेवा.

सगळं जमल्यावर

लिहिताना प्रत्येक वाक्याला कागद पाहिजे, अधिवेशन, तारीख, प्रश्न क्रमांक, जीआरची तारीख. शपथपत्रात फोन नंबर, घरचा पत्ता, पॅन, मुलांची माहिती असते, ती सार्वजनिक असली तरी तुम्ही पुढे पसरवू नका, स्क्रीनशॉट टाकताना झाकून टाका. घरच्यांच्या खाजगी आयुष्याचा या कामाशी संबंध नाही. "भ्रष्ट", "चोर" असले शब्द नकोत, बदनामीचा खटला होऊ शकतो, आणि चांगल्या तक्त्याला त्यांची गरजही नसते.

टाकण्याआधी मसुदा आमदारांच्या ऑफिसला मेल करा आणि पोच घेऊन हातानेही द्या, दहा-पंधरा दिवस वाट बघा. ते एखादी चूक दाखवतील, एखादं काम सुटलं असेल तर कागद देतील, तो तपासून जोडा. उत्तर आलं तर जसंच्या तसं सोबत छापा, नाही आलं तर "अमुक तारखेला पाठवलं, उत्तर आलं नाही" असं लिहा. आणि शक्य असेल तर दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराचीही छोटी फाइल करा, त्याचं शपथपत्र, आधीची पदं, झेडपीत किंवा महापालिकेत असताना काय केलं ते, म्हणजे कुणी तुम्हाला एका बाजूचा ठरवायला नको.

शीट गावातल्या दोघा-तिघांच्या हातात ठेवा, एकट्याच्या लॅपटॉपवर नको. प्रत्येक अधिवेशन संपल्यावर प्रश्नोत्तरांच्या नव्या याद्या बघून आठवड्याभरात भरून टाका, पाच वर्षांचं एकदम करायला घेतलं की होत नाही. सध्याची विधानसभा नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीतून आली आहे, त्यामुळे तुमच्या शीटचा पहिला रकाना डिसेंबर २०२४ च्या नागपूर अधिवेशनाचा.